कपारीतील प्रजा

मोठ्या माशाने लहान माशास गिळावे, या व्यवहारास आपल्या प्राचीन राजनीतिशास्त्राने 'मत्स्यन्याय' असे नाव दिले. दंडशक्ती नसेल तर समाजातही हाच न्याय सुरू होतो, असे कौटिल्याने बजावले आणि राजसत्तेचे प्रयोजन त्यावरून पटवून दिले. शतपथ ब्राह्मणातील कथेत हात धुण्याच्या पाण्यातून मनूच्या ओंजळीत आलेला चिमुकला मासा अभय मागतो, तेही याच भयापोटी. मनूने त्याला आधी कुंभात, मग खड्ड्यात आणि अखेर समुद्रात वाढविले. प्रलय आला तेव्हा त्याच माशाने मनूची नाव तारली. दोन्ही दाखले लहान माशाचे आहेत. पण ते सांगताना आपली नजर असते ती राजाकडे आणि मनूकडे. खुद्द लहान माशाकडे पाहण्याची सवय आपल्याला नाही. ज्या गोमंतकाचे ताट नुस्त्यावाचून पुरे होत नाही, तेथेही ती नाही. आजच्या अग्रलेखाचा विषय म्हणूनच हा लहान मासा आहे. त्याच्या अस्तित्वाशी आपल्या किनाऱ्याचा, आणि काही अंशी आपल्या ताटाचाही, संबंध आहे.

हणजूण, वागातोर, दोनापावला किंवा दक्षिणेस काब द राम येथे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला समुद्र मागे हटतो आणि काळीभोर खडपे उघडी पडतात. त्यांच्या खळग्यांतून पाणी साचून राहते. वरवर पाहणाऱ्यास त्या डबक्यांत शेवाळ, चार शिंपले आणि एखादा खेकडा एवढेच दिसते. पण सावली पडताच तळाचा एखादा तुकडा हलतो आणि कपारीत नाहीसा होतो. तो दगड नव्हता, मासा होता. बोटाच्या पेराएवढा किंवा फार तर बोटाएवढा, खडकाच्याच रंगाचा, खडकावरच्याच ठिपक्यांचा. गोबी, ब्लेनी अशा कुळांतले हे मासे होत. चिखलात उड्या मारणारी आपल्या ओळखीची निवटी ही याच गोबींच्या गोतावळ्यातली. एकट्या या गोतावळ्यातील जातींची संख्या दोन हजारांच्या घरात जाते. तळाशी दडून राहणाऱ्या अशा माशांना शास्त्रज्ञ 'क्रिप्टोबेंथिक' म्हणतात. सामान्यतः त्यांची लांबी ५ सेंटिमीटरच्या आत असते.

पोहणे हा माशाचा धर्म, असे आपण समजतो. या मंडळींनी तो बराचसा सोडून दिला आहे. यांच्यातील पुष्कळांना तरंगत राहण्यास उपयोगी पडणारी हवेची पिशवी नसते, किंवा असली तरी नावापुरती असते. कारण यांना तरंगायचेच नाही, तळाला चिकटून राहायचे आहे. गोबीचे पोटाकडचे दोन पर एकमेकांस जुळून त्यांची वाटीसारखी चकती झालेली असते आणि लाटेचा तडाखा आला तरी तो तिच्या आधाराने दगडाला धरून राहतो. ब्लेनीला बहुधा खवलेच नसतात. अंगावरचा बुळबुळीत थर हेच तिचे चिलखत. मादीने भेगेत किंवा रिकाम्या शिंपल्यात अंडी चिकटवली की त्यांची राखण बहुधा नर करतो. तो परांनी वारा घालावा तसे पाणी खेळते ठेवतो आणि आपल्या अनेक पट मोठ्या शत्रूच्या अंगावर धावून जातो. वाळूच्या तळाशी राहणाऱ्या काही गोबींनी तर कोळंबीशी भागीदारी केली आहे. कोळंबीला दिसते कमी, पण ती बीळ खणते. मासा दारात पहारा देतो. कोळंबीची मिशी माशाच्या अंगाला टेकलेली असते आणि त्याने शेपटी हलवताच दोघेही आत शिरतात. इतका चोख सहकार आमच्या सहकारी संस्थांतून आढळेल तर सोन्याहून पिवळे!

या माशांच्या बुद्धीचा एक दाखला मुद्दाम सांगण्यासारखा आहे. अमेरिकेतील प्राणिवर्तनशास्त्रज्ञ लेस्टर अॅरन्सन यांनी १९५१ साली अटलांटिकच्या किनाऱ्यावरील एका गोबीवरील प्रयोग प्रसिद्ध केले. ओहोटीच्या डबक्यात अडकलेला हा मासा धोका दिसताच उडी मारतो आणि शेजारच्या, त्याला त्या वेळी दिसतही नसलेल्या, डबक्यात अचूक पडतो. हे साधते कसे? अॅरन्सन यांनी कृत्रिम डबकी तयार करून पाहिले. ज्या माशांना भरतीच्या पाण्यात त्या खडकावरून फिरू दिले होते, त्यांच्या उड्या नेमक्या पडत. ज्यांना ती संधी दिली नव्हती, त्यांना ते साधत नसे. म्हणजे भरतीच्या वेळी हा मासा खडकाचे उंचसखल मनात टिपून ठेवतो आणि ओहोटीत त्या नकाशावर भिस्त ठेवून उडी घेतो. शिकलेले हे ज्ञान चाळीस दिवसांपर्यंत टिकते असेही पुढे दिसून आले. याच बॅथिगोबियस वंशातील मासे आपल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या डबक्यांतही राहतात. आमच्या किनारपट्टीचे नकाशे वर्षानुवर्षे तयार होत असतात, दुरुस्त होत असतात आणि वादात पडत असतात. तेच काम हा बोटभर मासा एका भरतीत उरकतो!

आयुष्याच्या लांबीचा विचार केला तर आश्चर्य आणखीच वाढते. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवरील 'इव्हिओटा सिजिलाटा' या गोबीचे आयुष्य फार तर ५९ दिवसांचे असते, असे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत याहून अल्पायुषी प्राणी तोवर नोंदला गेला नव्हता. त्यातले सुमारे तीन आठवडे पिल्लूदशेत खुल्या पाण्यात जातात, एक-दोन आठवडे प्रौढ होण्यात आणि उरलेले साडेतीन आठवडे संसारात. आमच्याच हिंदी महासागरातल्या चागोस द्वीपसमूहातून १९८१ साली वर्णिला गेलेला 'ट्रिमॅटॉम नॅनस' हा मासा तर जेमतेम सेंटिमीटरभर लांबीचा. एखाद्या तांदळाच्या दाण्याला डोळे आणि पर फुटावेत, तशी ही सृष्टी आहे.

परंतु हे सारे निव्वळ कौतुकाचे विषय असते, तर त्यांना रविवारच्या पुरवणीत जागा देऊन भागले असते. अग्रलेखात त्यांचा विचार करण्याचे कारण निराळे आहे. प्रवाळभित्तीच्या भोवतीचे पाणी अन्नद्रव्यांच्या दृष्टीने बहुधा निःसत्त्व असते; तरीही तेथे माशांची एवढी गर्दी कशी पोसली जाते, हा प्रश्न डार्विनच्या काळापासून विचारला जातो. २०१९ साली 'सायन्स' या नियतकालिकात सायमन ब्रँडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे एक उत्तर मांडले. प्रवाळभित्तीवर जेवढे मत्स्यमांस इतर जीवांच्या पोटात जाते, त्यापैकी सुमारे ६० टक्के या दडून राहणाऱ्या चिमुकल्या माशांचे असते, असा त्यांचा हिशेब होता. त्याच वर्षी त्याच नियतकालिकात या हिशेबाच्या पद्धतीवर अन्य शास्त्रज्ञांनी आक्षेप घेतले आणि मूळ लेखकांनी त्यांना उत्तरही दिले. आकडा थोडा वर-खाली होईल. शास्त्राचा व्यवहार असाच चालतो. पण हे मासे म्हणजे केवळ शोभेची किडामुंगी नव्हे, हा त्यातला मुख्य मुद्दा आता डावलता येणार नाही.

या व्यवहाराची तुलना बाजारातल्या खुर्द्याशी करता येईल. मोठ्या नोटा तिजोरीत असतात, पण रोजचा बाजार चालतो तो सुट्या नाण्यांवर. कोणत्याही एका क्षणी खडकावरचे मासे तोलले तर या चिमुकल्यांचे वजन अगदी नगण्य भरेल. त्यांची सत्ता साठ्यात नाही, उलाढालीत आहे. ते जन्मतात, झपाट्याने वाढतात, खाल्ले जातात आणि त्यांची जागा लगेच दुसरे घेतात. खडकावरच्या शेवाळाचे तंतू, त्यात अडकलेला गाळ, डोळ्यांना न दिसणारे कवचधारी जीव, अशा ज्या उष्ट्या-खरकट्यावर मोठ्या माशाचे पोट भरणार नाही, ते हे मासे वेचून खातात आणि त्याचे मांस करून वरच्या पायरीकडे पोचवतात. वेचणारे हातच नाहीसे झाले, तर ते अन्न खडकावरच कुजून जाईल.

येथे एक खुलासा करणे प्रामाणिकपणाचे ठरेल. गोमंतकीयाच्या रोजच्या हुमणातला बांगडा किंवा तारली ही या खडकांवर पोसलेली नव्हे. ती खुल्या पाण्यातली, प्लवकांवर जगणारी मासळी आहे. खडपे नष्ट झाली म्हणून उद्या बांगडा मिळेनासा होईल, असे आम्ही म्हणणार नाही. तसे म्हणणे म्हणजे चांगल्या पक्षाची खोटी वकिली होय. परंतु गोबरा, तामसो आणि त्यांच्या जातभाईंची गोष्ट वेगळी आहे. ही मासळी खडकाळ तळाच्या आश्रयाने वाढते. तिच्या कोवळ्या वयात तोंडात मावेल एवढे भक्ष्य तिला याच कपारींतून मिळते. ज्या मच्छीमाराची उपजीविका गळावर आणि खडपांजवळच्या मासेमारीवर चालते, त्याच्या दृष्टीने कपार ही कोठार आहे. खडपावर शिनाणे काढणाऱ्या बाईलाही ते खडप जिवंत राहिले तरच चार पैसे सुटतात.

या माशांविषयीची आणखी एक गोष्ट धोरण ठरविणाऱ्यांनी विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. पुष्कळशा मोठ्या माशांची पिल्ले प्रवाहाबरोबर दूर समुद्रात वाहत जातात आणि त्यांतली फारच थोडी परत किनाऱ्याला लागतात. या चिमुकल्यांची पिल्ले मात्र बरीचशी आपल्या खडकाच्या आसपासच्या पाण्यातच राहतात, आणि खडकावरची रिकामी झालेली घरे तीच पुन्हा भरून काढतात. हीच या जमातीची ताकद आहे. एवढे मासे रोज खाल्ले जात असताही जमात टिकते ती यामुळे. पण यातच तिचे दौर्बल्यही आहे. एखाद्या गावचे खडप गाडले गेले तर दूरच्या किनाऱ्यावरून नवी वस्ती येऊन ते पुन्हा वसेल, अशी आशा फारशी धरता येत नाही. बी-बियाणे घरचेच होते, घरच बुजले.

आणि खडपे बुजविण्याचे उद्योग आमच्याकडे कमी नाहीत. धक्का बांधायचा, भराव घाला. किनारा खचतो, काँक्रीटची भिंत घाला. समुद्राचे दर्शन घडवणारे हॉटेल हवे, टेकडीचा माथा कापा आणि माती उताराला लावून द्या; पहिल्या पावसात ती आपोआप खडपावर जाते. मांडवी आणि झुवारी या नद्यांच्या खोऱ्यांतून खाणींच्या काळात किती गाळ वाहिला, हे सांगण्यासाठी तज्ज्ञाची गरज नाही. गाळाने मोठा मासा मरतोच असे नाही. तो दुसरीकडे जातो. पण ज्याचे सारे जग बोटभर भेगेत आहे, त्या माशाची भेग गाळाने भरली की त्याला जायला जागा नाही. ज्या शेवाळावर तो चरतो, त्यात गाळ साठला की तेही खाण्याजोगे राहत नाही. मुरगावजवळच्या ग्रांदी बेटाभोवतीच्या खडकांवर प्रवाळ आहेत आणि पर्यटकांच्या होड्या तेथे नेमाने जातात. बुड्या मारून समुद्राचे वैभव पाहण्याची हौस स्वागतार्ह आहे. पण त्या वैभवावरच नांगर टाकला, तर पाहायचे काय?

त्यात भर पडली आहे ती तापत्या समुद्राची. जगभरच्या प्रवाळांवर १९९८, २०१० आणि २०१६ साली उष्णतेचे मोठे आघात झाले, आणि एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी चौथ्या जागतिक आघाताची घोषणा केली. अरबी समुद्राच्या पलीकडच्या तीरावरून आलेला एक निष्कर्ष या संदर्भात बोलका आहे. ज्या आखाती प्रदेशात गोमंतकीयांच्या दोन-तीन पिढ्यांनी नोकऱ्या केल्या, तेथील अबुधाबीकडचा समुद्र हा जगातील सर्वांत उष्ण समुद्रांपैकी. ब्रँडल आणि सहकाऱ्यांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तेथल्या प्रवाळांवरील चिमुकल्या माशांची तुलना शेजारच्या ओमानच्या आखाताशी केली. उष्ण बाजूस त्यांच्या जातींची विविधता सुमारे निम्मी आणि संख्या एक चतुर्थांशाहून कमी भरली. तेथील प्रवाळांचे आच्छादन मात्र फारसे उणे नव्हते. याचा अर्थ गंभीर आहे. वरून पाहता खडक जिवंत दिसतो, प्रवाळही जागच्या जागी असतो, आणि तरीही आतली प्रजा उठून गेलेली असू शकते. बाहेरून रंगविलेले आणि आतून ओसाड पडलेले घर आमच्या गावोगावी आता अपरिचित राहिलेले नाही.

मग कायदा काय करतो? मासेमारीच्या नियमनाचा गोव्याचा इतिहास अभिमान वाटावा असा आहे. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात रापणकारांनी यांत्रिक ट्रॉलर्सच्या विरोधात जे आंदोलन केले, त्याच्या पाठोपाठ १९८० साली गोवा, दमण व दीवचा सागरी मासेमारी नियमन कायदा आला. उथळ पाणी हे लहान मच्छीमाराचे आणि लहान मासळीचे राखीव पाणी आहे, हे तत्त्व त्या लढ्याने प्रस्थापित केले. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांची यांत्रिक मासेमारीबंदी पाळली जाते. पण आमच्या या बोटभर माशाला कोणी पकडतच नाही. तेव्हा पकडण्यावरच्या बंदीचा त्याला उपयोग काय? त्याचा शत्रू जाळे नव्हे, फावडे आहे.

वन्यजीव संरक्षण कायद्याने २००१ साली समुद्रघोडे आणि प्रवाळ यांना पहिल्या अनुसूचीत घेतले, ते योग्यच झाले. किनारी क्षेत्र नियमनाच्या जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेत सर्वाधिक संवेदनशील, म्हणजे 'एक-अ' वर्गाच्या यादीत खारफुटी आहे, प्रवाळ आहे, वाळूच्या टेकड्या आहेत, कासवांची अंडी घालण्याची ठिकाणे आहेत, समुद्री गवत आहे. खडकाळ किनाऱ्याचे नाव मात्र त्या यादीत स्वतंत्रपणे नाही. तो येतो भरती-ओहोटीमधला पट्टा म्हणून 'एक-ब' मध्ये, आणि त्या पट्ट्यात बंदरे, धक्के, पूल, धूपप्रतिबंधक बांधकामे यांसाठी भराव घालण्यास वाट मोकळी ठेवलेली आहे. म्हणजे कासवाच्या वाळूला नाव आहे, खारफुटीच्या चिखलाला नाव आहे. खडपाला नाव नाही. सरकारी कागदावर ज्याला नाव नसते, त्याचे पुढे काय होते, हे आमच्या वाचकांस ठाऊकच आहे.

या उपेक्षेचे एक कारण मोजणीत दडलेले आहे. प्रकल्पापूर्वीच्या पाहणीत मासळीची गणना करायची ती जाळे टाकून, किंवा बुडी मारून दिसेल ते टिपून. जाळ्याच्या डोळ्यांतून हा मासा सुटतो आणि माणसाच्या डोळ्यांनाही दिसत नाही. दिसू नये म्हणूनच तर निसर्गाने त्याला तो रंग दिला. मग अहवालात शून्य लिहिले जाते आणि शून्याचे नुकसान शून्यच होते! वास्तविक त्याच्या मोजणीची पद्धत शास्त्राला अवगत आहे. खडकाचा लहानसा भाग जाळीने वेढून त्यात लवंगेचे तेल मिसळलेले द्रावण सोडले की मासे गुंगतात आणि वेचता येतात. आजीबाईच्या बटव्यात दातदुखीसाठी असलेले तेल सागरविज्ञानालाही उपयोगी पडते. माशांनी पाण्यात सोडलेल्या जनुकद्रव्याच्या अंशावरून त्यांची जात ओळखण्याचे तंत्रही आता हाताशी आले आहे. १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आमच्याच दोनापावला येथे आहे. उणीव असेल तर ती मोजण्याच्या साधनांची नाही, विचारण्याच्या इच्छेची आहे.

शेजारच्या सिंधुदुर्गाकडे पाहिले तर एक उमेद आणि एक इशारा, दोन्ही मिळतात. महाराष्ट्राने मालवणच्या समुद्रात १९८७ साली सागरी अभयारण्य घोषित केले. शिवछत्रपतींनी उभारलेल्या सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालचे खडक आणि प्रवाळ त्यात येतात. घोषणा दूरदृष्टीची होती. पण ती करताना स्थानिक मच्छीमारांचा विश्वास पुरेसा संपादन केला गेला नाही, आणि त्यांच्या विरोधामुळे अभयारण्याचे काम पुष्कळ काळ कागदावरच राहिले. ज्यांची घरे त्या पाण्याच्या काठी आहेत, त्यांना परके ठरवून समुद्र राखता येत नाही. विजयदुर्गापासून सुमारे १०० किलोमीटर दूर, भर समुद्रात, कान्होजी आंग्र्यांच्या नावाने ओळखला जाणारा आंग्रिया बँक हा बुडालेला पठारी प्रदेश आहे. त्यावरील प्रवाळांची पाहणी अलीकडे होऊ लागली आहे. दूरचे रत्न शोधण्यास नौका जाते, हे चांगलेच आहे. पण गावच्या ओहोटीत पायी चालत जाऊन जे पाहता येते, ते पाहण्यास कोणी जाऊ नये काय?

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हेटाळणीने झटकून टाकण्यासारखा नाही. गावाला धक्का हवा, होड्यांना आसरा हवा, धुपणाऱ्या किनाऱ्यावरील घरांना संरक्षण हवे. डबक्यातल्या चार माशांसाठी माणसाने हे सारे थांबवायचे काय? आमचे उत्तर 'नाही' असे आहे. प्रश्न बांधावे की बांधू नये हा नसून कोठे आणि कसे बांधावे हा आहे. गुळगुळीत काँक्रीट आणि खडक यांत फरक आहे तो कपारीचा. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या शास्त्रज्ञांनी २०१८ पासून 'लिव्हिंग सीवॉल्स' हा उपक्रम चालविला आहे. बंदरातल्या सपाट भिंतींवर खाचा, भेगा आणि खळगे असलेले फलक बसवायचे आणि समुद्रजीवांना त्यांत घर करू द्यायचे, अशी ती साधी कल्पना. नैसर्गिक खडपाची सर अशा फलकांना येणार नाही; पण भिंत बांधणे अटळच असेल, तर ती मुर्दाड असलीच पाहिजे असा काही नियम नाही. आमच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या निविदांतून खडीचा आकार आणि सिमेंटचे प्रमाण काटेकोरपणे लिहिलेले असते. त्यात कपारीसाठी एक ओळ घालण्यास तिजोरी रिती होणार नाही.

तेव्हा आमच्या मागण्या मोजक्या आहेत आणि त्यांतील एकीलाही नवा कायदा लागत नाही. जैविक विविधता कायदा २००२ सालचा आहे. त्यान्वये पंचायतींत जैवविविधता व्यवस्थापन समित्या असतात आणि त्यांनी लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. किनाऱ्यावरच्या प्रत्येक पंचायतीने आपापल्या हद्दीतील खडपे त्या नोंदवहीत नावानिशी लिहावीत. प्रत्येक खडपाला गावात नाव असतेच. गळ टाकणाऱ्यांना आणि शिनाणे काढणाऱ्या बायकांना ते पाठ असते. त्याच कायद्याच्या ३७ व्या कलमाखाली, स्थानिक संस्थांशी विचारविनिमय करून, राज्य सरकारला जैवविविधता वारसा स्थळे घोषित करता येतात. उत्तरेस एक आणि दक्षिणेस एक, अशी दोन खडपे तरी या कलमाखाली आणण्याचा विचार व्हावा. मात्र तो मच्छीमारांना बाजूला ठेवून नव्हे, तर त्यांना बरोबर घेऊन, आणि त्यांचा परंपरागत गळ व शिनाण्यांचा हक्क अबाधित ठेवून.

दुसरी मागणी अशी की, खडकाळ किनाऱ्यावर भराव किंवा भिंत घालणाऱ्या कोणत्याही प्रकल्पाच्या पर्यावरणीय अहवालात दडून राहणाऱ्या माशांची स्वतंत्र पाहणी असल्याखेरीज तो अहवाल पूर्ण मानला जाऊ नये. ग्रांदी बेटाभोवती पर्यटकांच्या होड्यांसाठी कायमचे तरंगते बोये बसवावेत, म्हणजे प्रत्येक होडीला आपला नांगर प्रवाळावर टाकावा लागणार नाही. ही तिसरी मागणी. चौथी आमच्या शाळांकडे आहे. प्राणिशास्त्राच्या पुस्तकात बेडूक शिकलेल्या मुलांना वर्षातून दोनदा मोठ्या ओहोटीला खडपावर न्यावे. उचललेला दगड पुन्हा होता तसा ठेवायचा, एवढा एकच नियम त्यांना शिकवावा, आणि काय दिसले ते वहीत लिहून घ्यावे. दहा वर्षे हे चालले तर गावोगावच्या त्या वह्यांचे मोल कोणत्याही सल्लागाराच्या अहवालापेक्षा कमी ठरणार नाही.

गोव्याने शेवटो हा आपला राज्यमासा मानला आहे. खाडीत आणि मानशीच्या पाण्यात वाढणारा, चवीला उत्तम, सर्वांच्या ओळखीचा. निवड सार्थ आहे. कपारीतल्या माशासाठी तसा कोणताही किताब आम्ही मागत नाही. त्याचे हित प्रसिद्धीत नाही, दडून राहण्यात आहे. त्याला हवी आहे ती फक्त दडण्याची जागा, आणि ती त्याच्याकडून हिरावली जाण्यापूर्वी कोणीतरी एकदा तेथे वाकून पाहिले असल्याची खात्री. मत्स्यन्यायापासून दुर्बळाचे रक्षण करणे हे राज्याचे काम, असे आमचे शास्त्र सांगते. समुद्रातला मत्स्यन्याय समुद्राने चालवावा. त्यात या माशाने आपला हिशेब केव्हाच बसवून घेतला आहे. जमिनीवरून येणाऱ्या भरावापुढे मात्र त्याचा रंग, त्याची उडी आणि त्याचा मनातला नकाशा यांपैकी काहीच चालत नाही. तेथे राज्यानेच उभे राहिले पाहिजे. किनारपट्टीवरच्या पंचायतींनी आपल्या पुढच्या ग्रामसभेत खडपांच्या नोंदीचा विषय घ्यावा, आणि जैवविविधता मंडळाने त्यांच्याकडे तो आग्रहाने मागावा, एवढे तरी या वर्षात व्हावे.